वॉर्डात जाणाऱ्या लेकींची तयारी कोण करणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून नर्सिंगच्या प्रवेशासाठी धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांत आईबापांचा जीव मेटाकुटीला येतो. प्रवेश मिळाला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. मुलगी सिस्टर होणार, घराला आधार होणार! परंतु गणवेश घालून ती पहिल्यांदा वॉर्डात पाऊल टाकते तेव्हा तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते, याचा विचार आपण करतो काय?

मार्लिन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने 1974 साली नव्या परिचारिकांच्या या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्याला 'रिअॅलिटी शॉक', म्हणजे वास्तवाचा धक्का, असे नाव दिले. वर्गात एक पुतळा असतो, एक पलंग असतो आणि हवा तेवढा वेळ असतो. वॉर्डात मात्र खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, नातेवाईक घाबरलेले आणि सिस्टर एकटी! भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीला कित्येक ठिकाणी अख्खा वॉर्ड एकीच्या गळ्यात असतो. मग ही तूट कोण भरून काढते? शिकायला आलेली विद्यार्थिनी.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. चादर बदलणे, रुग्णाला पुसून काढणे, बेडपॅन देणे ही कामे हलकी नाहीत. चादर बदलताना पाठीवरची जखम दिसते, पुसताना पायाची सूज कळते. पण ते दाखवायला शेजारी पाठ्यनिर्देशिका उभी पाहिजे. ती नसेल तर विद्यार्थिनी नमुने पोहोचवणारी, कागद फिरवणारी बिनपगारी कामगार होते. जर्नलवर सह्या पूर्ण होतात, हात मात्र कच्चेच राहतात. 2021 साली लागू झालेल्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पुतळ्यांवरच्या सरावाला स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु तो पुतळा कपाटात कुलूपबंद राहिला तर उपयोग काय?

मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलीपुढे आणखी एक भिंत असते. पुस्तके इंग्रजीत, औषधांची नावे इंग्रजीत, डॉक्टरांचे तोंडी हुकूमही इंग्रजीत. भाषा अडली की ती प्रश्न विचारायचे सोडते. आणि वॉर्डात न विचारलेला प्रश्न जिवावर बेततो. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. पाचशे मिलीलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आणि नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिलीलिटर, तर मिनिटाला साधारण 21 थेंब पडले पाहिजेत. हे गणित अवघड नाही. ते मराठीत समजावून, पुन्हापुन्हा करून घेतले पाहिजे. म्हणूनच "सिस्टर, मला समजले नाही, पुन्हा सांगा," हे वाक्य न घाबरता म्हणता येणे, ही आमच्या मते वॉर्डातली पहिली तयारी आहे.

दुसरी तयारी तिच्या स्वतःच्या जिवाची. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. म्हणजे लस प्रवेशाबरोबरच सुरू झाली पाहिजे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, पिळू नये आणि लगेच कळवावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधाची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. "ओरडा बसेल" म्हणून मुलगी गप्प राहिली तर ते मोलाचे तास वाया जातात.

तिसरी तयारी स्वाभिमानाची. रक्त, पू, मळ यांना हात लावावा लागतो म्हणून सोवळ्या समाजाने या सेवेला कमी लेखले. पण 1897 च्या प्लेगात सावित्रीमाईंनी रुग्णांची सेवा करतानाच प्राण ठेवले, हा आपला वारसा आहे. आजही आडनाव विचारून "कोट्यातली का?" असे डिवचले जाते. कधी रुग्णाचे नातेवाईक अंगावर धावून येतात. आरोग्यसेवकांवर हल्ला करणे हा महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. हे किती विद्यार्थिनींना सांगितले जाते?

समाजबांधवांनो, प्रवेश घेऊन देण्याने आपली जबाबदारी संपत नाही. कॉलेज निवडताना फीबरोबर हेही विचारा की रुग्णालय कोणते, खाटा किती, वॉर्डात शिकवायला कोण असते, लस कधी देणार, रात्रपाळीला सोबत कोण? आपल्या वस्त्यांत निवृत्त सिस्टर आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात या मुलींसाठी द्यावा. औषधांचे गणित करून घ्यावे, इंग्रजी शब्द समजावावेत, आपल्या पहिल्या रात्रपाळीची हकिगत सांगावी. याला पैसा लागत नाही. येत्या रविवारपासूनच हे का सुरू होऊ नये?