मासे सगळ्यात शेवटी

सकाळी ६.४५. कन्नमवार नगरातली जुनी म्हाडाची इमारत. नळाला पाणी असण्याच्या वेळेत परक्या माणसानं घरात शिरायचं म्हणजे शिव्या खायचं काम, म्हणून काकूंना कालच सांगून ठेवलं होतं: एक बादली आणि अर्धा तास नळ माझा. आत गेल्यावर पहिला प्रश्न, "काकू, पाणी पालिकेचंच ना? टँकर किंवा बोअरचं मिसळत नाही ना?" टँकरचं पाणी कुठून भरलेलं असेल ते सांगता येत नाही, बोअरचं बहुतेक वेळा जड. पालिकेचं पाणी मात्र भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतलं, म्हणजे साठवलेला पाऊसच. ते हलकं असतं. भांडुपसारख्या केंद्रात गाळून त्यात क्लोरिन घालतात, आणि माझं भांडण तेवढ्याशीच.

७.१५. माशांचा टँक दोन फुटी. काच, खडी, पाणी धरून साठ-पासष्ट किलो. काकूंनी टीव्हीच्या शोकेसवर जागा करून ठेवली होती, ती नाकारली. खिडकीतलं ऊनही नको, शेवाळ धरतं. कोपऱ्यातलं लोखंडी स्टँड पाणसळ लावून पाहिलं, वर थर्माकोल, त्यावर टँक.

८.००. खडी धुणे. साबण नाही, लिक्विड नाही, नुसतं पाणी. बादलीतलं पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धूत राहायचं. यात तास जातो आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

९.१५. खडीवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडलं, म्हणजे तळ उसकटत नाही. चाचणीचे थेंब टाकल्यावर नमुना पिवळा झाला: क्लोरिन आहे. माणसाच्या पोटाला तो चालतो, माशाचे कल्ले जाळतो. अँटी-क्लोरिन घातलं.

"झालं ना? दुकानवाला म्हणाला, हे औषध टाकलं की लगेच मासे सोडा," काकू म्हणाल्या. हे वाक्य मी घरोघर ऐकतो. औषधानं क्लोरिन जातो, पाणी तयार होत नाही. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, आणि नव्या टँकमध्ये तो अमोनिया खाणारं कुणीच नसतं. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं आहेत, तिसरं बरंच सुसह्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत फारसे, स्पंजवर, खडीवर चिकटून राहतात आणि सावकाश वाढतात. क्लोरिन त्यांनाही मारतो, म्हणून तो आधी काढायचा.

१०.००. स्पंज फिल्टर लावून मोटर सुरू केली. माझ्या चालू टँकमधला जुना स्पंज ओल्या पिशवीतून आणला होता, तो यात पिळला. पाणी चहासारखं झालं आणि काकूंचा चेहरा पडला. पण हेच विरजण. जिवाणूंना खायला हवं, म्हणून नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकायचा तोच, अमोनियम क्लोराइड. मी मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचा घेतो. ४५ लिटरला पाव ग्रॅमहून जरासा जास्त, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून. तेवढ्यानं लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो.

नातू विचारतो, "काका, मासे कधी?" पंधरवडा तरी, म्हटलं. विरजण नसतं तर महिना, दीड महिना. तो टँककडे पाठ करून बसला.

दुपारी १.३०. टागोर नगर. इथला टँक तिसऱ्या आठवड्यात. अमोनिया शून्य, नायट्राइटच्या चाचणी-नळीला गडद जांभळा रंग, म्हणजे नायट्राइट भरपूर. घरच्यांना वाटलं, काम झालं. खरं तर हा टप्पाच फसवा: नायट्राइटनं माशाचं रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेत नाही. आज टाकलेला नवसागर चोवीस तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आलं, तरच टँक तयार. मग निम्मं पाणी बदलून साचलेलं नायट्रेट कमी करायचं आणि मासे आणायचे, तेही थोडे थोडे.

४.००. पार्कसाइट. इथे टँक आणि गोल्डफिश एकाच दिवशी आले होते. गोल्डफिश म्हणजे खाऊन घाण करणारा गडी, आणि आता तो वर येऊन तोंड उघडतोय. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, अँटी-क्लोरिन घालून. दोन दिवस खाणं बंद. दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

रात्री ९.००. परवा टँक लावलेल्या घरून फोन, पाणी दुधासारखं झालंय, फेकू का? नको. जिवाणूंची पहिली भरती आहे, आपोआप निवळेल. मग हळूच कळतं की रात्री मोटर बंद ठेवतात, बिल येतं म्हणून. प्राणवायूशिवाय स्पंजवरचे जिवाणू मरतात हे सांगून झालं, पटलं नाही. शेवटी हिशेब केला: पाच वॅटची मोटर, महिनाभर अखंड चालली तरी साडेतीन युनिटं. "एवढंच होय?" म्हणाले, आणि उठून बटण दाबल्याचा आवाज आला.