हिशेबाची वही आणि आनंदाचा डबा



गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यालयात आमचे एक जुने सहकारी भेटायला आले. चौतीस वर्षे त्यांनी आपल्या शाळेत गणित शिकवले. आज पत्रिका वाचणाऱ्या कितीतरी पालकांनी त्यांच्या हाताखालीच लसावि-मसावि गिरवला आहे. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग थोडे थांबून ते म्हणाले, "बाई, आयुष्यभर एक पैसा वाया घालवला नाही. हिशेब सगळा बरोबर जुळला, पण उत्तर चुकले."

त्यांना आणि वहिनींना रामेश्वर-कन्याकुमारीला जायचे होते. आधी मुलीचे लग्न होऊ दे, मग घराचे हप्ते संपू दे, मग एक मुदत ठेव पूर्ण होऊ दे, असे करीत यात्रा पुढे सरकत राहिली. सेवानिवृत्तीनंतर दोनच वर्षांत वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. आज पैसा आहे, वेळ आहे, मुलगा विमानाचे तिकीट काढून द्यायला तयार आहे. पण वहिनींना अंगणापर्यंत न्यायचे तरी दोन माणसे लागतात.

आमच्याच ओळखीतले दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. एका कार्यालयातील लिपिकाने निवृत्तीला मिळालेली सगळी रक्कम एका वर्षात खर्च केली. थाटात लग्न केले, घरावर मजला चढवला, नातेवाईकांना उसने दिले. सहासष्टाव्या वर्षी ते आज एका इमारतीत रात्रपाळीचे चौकीदार म्हणून बसतात.

दोघेही भले आणि कष्टाळू. एकाने उद्यासाठी आज सोडला, दुसऱ्याने आजसाठी उद्या उधळला. मला स्वतःला निवृत्तीस चार वर्षे उरली आहेत. त्यामुळे हा विषय मी उपदेश म्हणून मांडत नाही. घरी आम्ही उभयता वही घेऊन जे बसलो आणि त्यातून जे उमगले, ते सांगते आहे.

आधी खरा खर्च लिहा

"आमचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार," असे आपण सहज सांगतो. तीन महिने रोजचे लिहून पाहा, आकडा वेगळाच निघतो. याचे कारण असे की वर्षातून एकदा येणारे खर्च आपण मोजतच नाही, आणि ते आले की "या महिन्यात जरा ओढाताण झाली" असे म्हणतो. वस्तुतः असा एखादा खर्च जवळजवळ प्रत्येक महिन्यात असतो.

स्वतःचे घर असलेल्या आणि मुले मार्गी लागलेल्या एका जोडप्याचे नमुन्यादाखल गणित पाहू. आधी वार्षिक खर्च. आरोग्य विमा ४५,००० रुपये, मालमत्ता कर व पाणीपट्टी ९,०००, घराची डागडुजी व रंगरंगोटी २०,०००, स्कूटर-गाडीचा विमा व दुरुस्ती १०,०००, सणवार व कपडे १२,०००. एकूण ९६,००० रुपये. म्हणजे दरमहा ८,००० रुपये बाजूला काढलेच पाहिजेत.

आता महिना. किराणा, दूध, भाजी १२,०००, वीज, गॅस, फोन ४,५००, औषधे ३,०००, पेट्रोल-रिक्षा ३,०००, घरकामाची मदत २,५००, आहेर व देणेघेणे ३,०००, वार्षिक खर्चाचा वाटा ८,०००, आणि आनंदासाठी ४,०००. बेरीज ४०,००० रुपये. आपल्या घराचे आकडे कमीजास्त असतील, पण रकाने हेच राहतील. शेवटचा रकाना लिहायला मात्र विसरू नये. तो का, हे पुढे सांगते.

महागाई दिसत नाही, पण चालत असते

मुलांना आम्ही एक सोपी युक्ती शिकवतो. ७२ ला दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतात ते कळते. ही युक्ती व्याजाला लागू पडते, तशीच महागाईलाही. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी ४०,००० मध्ये चालणारे घर बहात्तराव्या वर्षी ८०,००० मागेल, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी १,६०,०००. महागाई ४ टक्के राहिली तर दुप्पट व्हायला १८ वर्षे लागतील. म्हणून निवृत्तीच्या दिवशी "व्याजात भागते" एवढे पाहून समाधान मानू नये. सुरुवातीच्या वर्षांत व्याजातला काही भाग परत मुद्दलात घातला, तरच पुढची वर्षे निभावतात.

निवृत्तिवेतनाची स्थितीही आता पूर्वीसारखी नाही. केंद्र शासनात १ जानेवारी २००४ नंतर आणि मध्य प्रदेश शासनात १ जानेवारी २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन न मिळता राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली. खाजगी नोकरीतील अनेकांना तर भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली छोटी पेन्शनच मिळते. तेव्हा वडिलांचे भागले म्हणून आपलेही भागेल, हे गृहीत धरता येत नाही.

चार डबे

आपल्या आज्या धान्याच्या डब्यात पैसे ठेवायच्या. डाळीच्या डब्यातले वेगळ्या कामाचे, तांदळाच्या डब्यातले वेगळ्या. बँका आल्या, तरी ती पद्धत आजही उपयोगाची आहे.

पहिला डबा चालू खर्चाचा. पेन्शन, भाडे, व्याज यात यावे आणि महिन्याचा खर्च यातून जावा. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी टपाल कार्यालयात व बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. ती २००४ साली सुरू झाली. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. ३० लाखांवर या दराने वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज हाती येते. नव्या खात्यांसाठी दर तिमाहीला शासन दर ठरवते, म्हणून खाते उघडताना त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. एकदा खाते उघडले की तोच दर पाच वर्षे राहतो.

दुसरा डबा अडीअडचणीचा. किमान सहा महिन्यांचा खर्च लगेच काढता येईल असा ठेवावा. दवाखान्यासाठी आरोग्य विमा चाळिशी-पन्नाशीतच घ्यावा. आजार झाल्यावर घेतला तर त्या आजारासाठी थांबावे लागते. २०२४ मध्ये ही जास्तीत जास्त मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आहे, तरी तीन वर्षे थोडी नव्हेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटीही माफ झाला. तसेच ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे कार्ड काढले आहे का, हे या रविवारीच पाहावे.

तिसरा डबा पुढच्या वर्षांचा. तो पंच्याहत्तरीनंतर उघडायचा. नोकरीत असताना भविष्य निर्वाह निधी मध्येच काढू नये. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची मुदत पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. पन्नाशीत खाते पूर्ण झाले तर मोडण्याची घाई करू नये.

पैसा कुठे ठेवतो याकडेही लक्ष असावे. बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला त्या एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ती १ लाख होती. ओळखीचे संचालक आहेत म्हणून सर्व ठेवी एकाच पतसंस्थेत ठेवू नयेत. पतसंस्थांना तर हे विमा संरक्षणही नसते.

चौथा डबा आनंदाचा

हा डबा मी मुद्दाम वेगळा सांगते, कारण आपल्या मराठी घरांत तो बहुधा नसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण पिढ्यान्पिढ्या शिकलो. पण अंथरुणावर पाय आखडूनच निजावे, असे त्या म्हणीत कुठेही नाही.

आम्ही घरी एक नियम केला आहे. आनंदाच्या डब्यातील पैसे त्याच वर्षी खर्च झाले पाहिजेत. उरले तर मुदत ठेवीत घालायचे नाहीत. वर सांगितलेले महिना ४,००० धरले तर वर्षाला ४८,००० होतात. यात दर महिन्याला एक मराठी नाटक किंवा गाण्याची मैफल, वर्षातून दोनदा ओंकारेश्वर-महेश्वर किंवा मांडू आणि एक लांबचा प्रवास आरामात बसतो. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी महिना पाचशे रुपये काढावेत. रविवारी सकाळी दोघांनी राजवाड्यावर जाऊन पोहे-जिलबी खाण्यास फारसा पैसा लागत नाही. घराबाहेर पडायची सवय मात्र लागते.

प्रवासाबाबत एक क्रम लक्षात ठेवावा. साठ ते सत्तर या वयात पाय चालतात, सत्तरीनंतर चाल मंदावते आणि ऐंशीनंतर बहुतेकांना घरच बरे वाटते. म्हणून लांबचे आणि चढाचे प्रवास आधी करावेत, जवळचे नंतर. शक्य असेल तर नोकरीत असतानाच रजा घेऊन करावेत. रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे "साठीनंतर स्वस्तात जाऊ" हा जुना हिशेबही आता उरला नाही.

मुले आणि आपण

हा सर्वांत नाजूक विषय. मुलांच्या शिक्षणासाठी आणि लग्नासाठी आपण निर्वाह निधीला हात लावतो. पण मुलांना शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते. ते त्यांनी नोकरी लागल्यावर फेडावे, त्यात कमीपणा नाही. आपल्या म्हातारपणासाठी मात्र तसे कर्ज सहज मिळत नाही. लग्नाचे म्हणाल तर एका दिवसाच्या मांडवासाठी वीस वर्षांचे छप्पर मोडू नये. मी प्राचार्य म्हणून पालकांना इतकेच सांगेन की दहावीतल्या मुलाला घरचा खर्च कळला पाहिजे. त्याला विजेचे बिल आणि किराण्याची यादी दाखवा. ज्या मुलाला घराची ऐपत माहीत असते ते हट्ट कमी करते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

घरातील दोघांनाही सर्व व्यवहार माहीत असावेत. कितीतरी घरांत यजमान गेल्यावर बाईंना खाते कोणत्या बँकेत आहे हेही ठाऊक नसते. एका वहीत खाती, विमे, कागदपत्रे कुठे आहेत ते लिहून ठेवा. वारसाची नोंद तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. फोनवर कोणी पोलीस किंवा बँकेचा अधिकारी म्हणून पैसे मागितले, तर फोन ठेवून आधी मुलांना किंवा शेजाऱ्यांना सांगा. फोनवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही.

इंदूरची एक आठवण

आपल्या शहराला हा धडा नवा नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांची देणी तीस वर्षांहून अधिक काळ अडकून राहिली. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये देण्यात आले. सरासरी माणशी साडेचार ते पावणेपाच लाख. न्याय झाला, याचा आनंद आहेच. पण कितीतरी जणांची रक्कम त्यांच्या पत्नीने किंवा मुलांनी घेतली, कारण ज्याने घाम गाळला तो राहिला नव्हता. त्या कामगारांच्या हातात काही नव्हते. आपल्या हातात जे आहे, ते तरी आपण वेळेवर करावे.

आमचे गणिताचे सर जाताना म्हणाले, "तुम्ही पत्रिकेत लिहा, माझे नाव नका घालू." म्हणून लिहिले. हल्ली ते रोज संध्याकाळी वहिनींना चाकाच्या खुर्चीतून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीपर्यंत नेतात. घरी परतायला तासभर लागतो, कारण वाटेत प्रत्येक दारी थांबून बोलणे होते. तेही सुखच आहे, असे ते सांगत होते.

या महिन्यात एक नवी वही आणा. पहिल्या पानावर खर्च लिहा आणि शेवटच्या पानावर दोघांनी मिळून, या वर्षी करायची एक आनंदाची गोष्ट, तिच्या तारखेसह लिहा.

सर्वांना निरोगी व समाधानी आयुष्याच्या शुभेच्छा.

— प्राचार्या