वजनाची दुसरी शस्त्रक्रिया : घाई नको, उशीरही नको

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया होऊन तीन-चार वर्षे झालेली असतात. वजन उतरलेले असते, मधुमेहाच्या गोळ्याही कमी झालेल्या असतात. पण रात्री आडवे झाले की घशाशी आंबट पाणी येते, तीन उशा घेऊनही झोप लागत नाही. डॉक्टर ‘रिव्हिजन सर्जरी’, म्हणजे फेरशस्त्रक्रियेचा पर्याय सांगतात आणि घरचे म्हणतात, ‘एकदा पोट कापून घेतलंस ना, आता पुन्हा नको.’ बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांपुढे असा पेच उभा राहतो. तो सोडवायचा तर आधी नेमके काय बिघडले आहे, हे शोधावे लागते.

सध्या जगभरात सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी उरते. या नळीत दाब वाढल्याने आम्ल अन्ननलिकेत चढू शकते. काहींची नळी मध्येच अरुंद होते किंवा पिळली जाते आणि घास खाली उतरत नाही. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. तिथे जोडाजवळ व्रण होणे, जोड आक्रसणे किंवा गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि जुलाब होणे अशा तक्रारी आढळतात.

यातल्या बऱ्याच तक्रारींना पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. जोडावरचा व्रण अनेकदा आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी भरतो. मात्र विडी-सिगारेट आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद कराव्या लागतात. आक्रसलेला जोड एंडोस्कोपीतून फुगा घालून रुंद करता येतो. काही वर्षांनी थोडे वजन परत वाढणे तर अपेक्षितच असते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. अशा वेळी आहाराची फेरतपासणी होते आणि सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड यांसारख्या औषधांचाही विचार करता येतो.

मात्र स्लीव्हनंतरची तीव्र जळजळ पूर्ण मात्रेतल्या औषधांनीही थांबत नसेल, अन्ननलिकेला जखमा होत असतील किंवा तिच्या अस्तरात बदल दिसू लागले असतील, तर वर्षानुवर्षे गोळ्यांवर ढकलत राहणे धोक्याचे असते. आम्लपित्तावरच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढलेला असतो. म्हणून अशा रुग्णांत स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर केले जाते. त्यामुळे बहुतेकांची जळजळ कमी होते, पण सर्वांची पूर्ण थांबेल अशी हमी देता येत नाही.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीसारखी सोपी नसते. आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, मूळ रचना बदललेली असते. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि जोडातून गळती होण्याचा धोकाही पहिल्यापेक्षा अधिक असतो. म्हणूनच निर्णयाआधी एंडोस्कोपी, बेरियम पिऊन काढलेला एक्स-रे आणि गरजेनुसार सीटी स्कॅन किंवा अन्ननलिकेतले आम्ल मोजणारी चाचणी करतात. पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रेही लागतात. डिस्चार्ज कार्ड पुरेसे नसते. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्यावी.

त्याआधी शरीराची झीज भरून काढावी लागते. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने कमी असतील तर जखम भरायला वेळ लागतो. शाकाहारी रुग्णांत बी-१२ची कमतरता विशेष आढळते. डाळी, पनीर, सोयाबीन, चालत असल्यास अंडी आणि गरजेप्रमाणे प्रोटीन पावडर यांतून प्रथिने वाढवता येतात.

सतत उलट्या होत असतील तर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, काही आठवड्यांतच संपते. मग चालताना झोक जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गोंधळल्यासारखे होते. वेळीच उपचार झाले नाहीत तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्याची पद्धत आहे. पण अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून आपली बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे, हे कोणत्याही डॉक्टरांना आधी सांगावे.

सल्ला घेताना काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. माझ्या तक्रारीचे कारण तपासणीत दिसले आहे का? शस्त्रक्रियेविना कोणते उपाय उरले आहेत? अशा किती फेरशस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत? नंतर आयुष्यभर कोणत्या गोळ्या आणि तपासण्या लागतील? उत्तरांनी समाधान झाले नाही तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.

काही लक्षणांत मात्र थांबायचे नसते. बायपासनंतर पोटात अचानक तीव्र कळा आल्या, तर शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झाली असली तरी आतडे अडकलेले असू शकते. अशी कळ, रक्ताची उलटी, काळी शी किंवा पाणीही न टिकणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. बाकी निर्णयासाठी चार आठवडे घेतले तरी चालतात. ते तपासण्यांत आणि शरीर सावरण्यात गेले, तर वाया जात नाहीत.