पडदा पिवळा का पडतो?

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स चिपसाठी जगभर नाव असलेल्या एनव्हिडिया कंपनीचे एक कार्यालय पुण्यात येरवड्याला आहे. त्याच येरवड्यातल्या एका शाळेने चार संगणक भंगारात काढायचे ठरवले होते. कारण काय, तर "ग्राफिक्स कार्ड गेले." पेट्या उघडून पाहिल्या, तर चारांपैकी दोघांत ग्राफिक्स कार्ड नव्हतेच!

शाळांतल्या बऱ्याच संगणकांत चित्राचे काम प्रोसेसरमध्ये किंवा मदरबोर्डवर असलेली चिपच करते. मग जे नाही ते बिघडेल कसे? म्हणून आधी चित्र पडद्यापर्यंत कसे पोहोचते ते पाहू.

१९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. ते स्मृतीत लिहिले जातात आणि सेकंदाला बहुधा ६० वेळा वाचून केबलमधून मॉनिटरकडे पाठवले जातात. प्रोग्रॅम, ड्रायव्हर, चिप, स्मृती, केबल, मॉनिटर अशी ही साखळी आहे. कडी कोणती तुटली हे ओळखायला पैसे लागत नाहीत.

पडद्यावर पट्टे दिसत असतील, तर मॉनिटरचे बटण दाबून त्याची स्वतःची मेनूची चौकट उघडा. ही चौकट मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाचा तिच्याशी संबंध नाही. पट्टे चौकटीवरूनही जात असतील, तर दोष मॉनिटरचा. चौकट स्वच्छ असेल, तर पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. स्क्रीनशॉट म्हणजे स्मृतीतल्या चित्राची नक्कल. फाइलमध्ये पट्टे असतील, तर चित्र केबलमध्ये शिरण्यापूर्वीच बिघडले आहे. फाइल स्वच्छ असेल, तर बिघाड त्यापुढे, बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा तिच्या जोडणीत. ही चाचणी मला फार आवडते, कारण एकाच निरीक्षणाने अर्धी साखळी संशयातून मुक्त होते.

त्या शाळेतल्या एका संगणकाचा पडदा पिवळा पडला होता. प्रकाशाचे रंग शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. जुन्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांच्यासाठी तीन वेगळ्या तारा असतात. पिन १, २ आणि ३. निळ्याची तार तुटली की पांढऱ्यातून निळा वजा होतो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा दिसतो. लाल गेला तर पडदा निळसर-हिरवा, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी. इथे तिसरी पिन वाकली होती. केबल बदलली, काम झाले. (नववी पिन अनेक केबलींत मुळातच नसते. ती तुटली असे समजू नका.)

दुसऱ्या संगणकात मदरबोर्डवरची चिप मुख्य स्मृतीचाच वाटा वापरत होती. रॅमची पट्टी काढून, कडा पुसून, पुन्हा घट्ट बसवल्यावर पडद्यावरचे ठिपके गेले. असे काम करताना वीजपुरवठ्याची केबल काढून ठेवावी आणि अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा.

उरलेल्या दोघांत कार्ड होते. एकात केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खोबणीला लावली होती, म्हणून पडदा काळा!

चौथ्याचे दुखणे मात्र खरे होते. चालू केल्यावर दहा मिनिटे सगळे ठीक, मग रंगीत चौकोन. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरही दोष दिसला असता, तर ड्रायव्हर निर्दोष ठरला असता. तसे नव्हते, म्हणून आधी ड्रायव्हर काढून नव्याने घातला. फरक पडला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळावा, नाहीतर कशाने बरे झाले ते कळत नाही. वेळ लागून येणारा दोष बहुधा उष्णतेचा. पंख्यात धूळ दाटली होती, ती काढूनही चौकोन आलेच.

सिलिकॉन तापल्यावर थोडे प्रसरण पावते; ज्या पट्टीवर चिप बसवतात ती त्याच्या कित्येक पट अधिक. दोहोंमधल्या डाकाच्या बारीक गोळ्या दर वेळी ताणल्या जातात आणि शेवटी तडकतात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियानेच लॅपटॉपमधल्या काही चिपच्या बांधणीतला दोष जाहीर करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती.

असे कार्ड भट्टीत भाजून "जिवंत" करण्याचा उपाय ऐकायला मिळतो. शिसेविरहित डाक वितळायला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात; त्याहून कमी तापमानाला तडे फक्त तात्पुरते टेकतात, आणि कार्ड काही दिवसांत पुन्हा बिघडते. स्वयंपाकघरातल्या भट्टीत तर हे करूच नये.

त्या चौथ्या संगणकातले कार्ड काढून ई-कचऱ्यात दिले आणि केबल मदरबोर्डला जोडली. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय होतीच. प्रश्नपत्रिका टंकायला आणि आलेख काढायला ती पुरते.