‘द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी’ : एका शीर्षकाचा विग्रह

समासातील पदांचा परस्परसंबंध प्रत्ययाने व्यक्त होत नाही. तो अन्य साधनाने जाणावा लागतो. पतंजलीने महाभाष्यात उल्लेखिलेल्या ‘इन्द्रशत्रु’ या शब्दात तो स्वराने ठरतो. स्वर पालटला की ‘इंद्राचा घातक’ हा अर्थ जाऊन ‘इंद्र ज्याचा घातक आहे तो’ असा अर्थ येतो. जेथे स्वराचे साहाय्य नाही तेथे निर्णय कसा होतो, हे १९६६ सालच्या एका ब्रिटिश विनोदी चित्रपटाच्या नावावरून पाहता येईल.

फ्रँक लाँडर व सिडनी गिलियट यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सेंट ट्रिनियन्स या मुलींच्या काल्पनिक शाळेवरील मालिकेतील चौथा होय. ८ ऑगस्ट १९६३ रोजी बकिंगहॅमशरमध्ये टपालगाडी अडवून सुमारे २६ लक्ष पौंड लुटण्यात आले. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हे त्या दरोड्याचे रूढ नाव. त्यात शाळेचे नाव घालून हे शीर्षक सिद्ध झाले. परंतु हा दरोडा शाळेने घातलेला की शाळेवर पडलेला? इंग्रजी रचना मौन पाळते. मराठी अनुवादकाला मात्र ‘ने’ किंवा ‘वर’ यांपैकी एक निवडावेच लागते.

तथापि इंग्रज प्रेक्षक शाळेलाच कर्तृत्व देतो. रोनाल्ड सर्ल यांनी १९४१ मध्ये ‘लिलिपुट’ मासिकात या मुली प्रथम रेखाटल्या. पुढे जपान्यांच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी काढलेल्या चित्रांतून व १९५४ पासूनच्या चित्रपटांतून हे नाव उच्छृंखलतेचे वाचक बनले. मराठीत ‘शकुनी’, ‘नारद’ ही विशेषनामे अशीच गुणवाचक झाली आहेत. विग्रह येथे व्याकरण करीत नाही, नावाची कीर्ती करते.

कथानकाने हीच अपेक्षा उलटविली आहे. दरोडेखोरांनी ओसाड वाड्यात लपविलेली लूट न्यावयास ते परततात, तो तेथे शाळा नांदत असते. टोळीचा नायक टेहळणीसाठी स्वतःच्या दोन मुलींना शाळेत घालतो. अखेरीस आगगाड्यांचा पाठलाग होतो, तेव्हा शाळा दरोडेखोरांच्या विरुद्ध बाजूस उभी असते. म्हणजे शीर्षक वाचून प्रेक्षकाने मनात केलेला विग्रह चित्रपट खोटा ठरवितो, आणि हास्य त्यातूनच उपजते.

यास्तव अनुवादात विभक्ती आधीच निश्चित करणे म्हणजे विनोदाचे रहस्य प्रारंभीच उघड करणे होय. ‘सेंट ट्रिनियन्स आणि आगगाडीचा महादरोडा’ असे केवळ उभयान्वयी अव्यय योजणे त्यापेक्षा अधिक प्रामाणिक ठरेल. मात्र ‘सेंट ट्रिनियन्स’ या नावाचा लौकिक मराठी वाचकास अपरिचित असल्याने ती अपेक्षाच त्याच्या मनात निर्माण होणार नाही. संबंध अव्यक्त ठेवता येतो. कीर्तीचा अनुवाद होत नाही.