हाडांना ठाऊक असलेलं गाव

महाराष्ट्राचे हवालदार टी. व्ही. पाटील फेब्रुवारी १९९३ मध्ये सियाचिनवर बर्फाच्या भेगेत पडले. त्यांचा देह सापडला ऑक्टोबर २०१४ मध्ये, तब्बल एकवीस वर्षांनी. खिशात घरचं पत्र होतं आणि एक वैद्यकीय दाखला. त्या कागदांनी त्यांचं नाव सांगितलं.

मुंबईच्या एका पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, आणि बर्फात ते पत्र एकवीस वर्षं टिकलं! हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

सत्तर किलोमीटरहून लांब असलेली सियाचिन हिमनदी ही खरोखरच नदी आहे, ती वाहते. तिच्या वरच्या भागात जितका बर्फ पडतो तितका वितळत नाही. थरावर थर साचतात, खालचे दाबले जाऊन घट्ट होतात, आणि तिथे पडलेली वस्तू दरवर्षी आणखी खोल जाते. हा सगळा बर्फ स्वतःच्याच वजनानं उताराकडे सरकत असतो. खालच्या भागात हिशोब उलटा होतो. तिथे पडतो त्याहून जास्त बर्फ वितळतो, वरचे थर निघून जातात आणि एके काळी खोल गाडलं गेलेलं पृष्ठभागावर येतं. हिमनदी घेतलेलं परत करते, पण दुसऱ्या जागी आणि स्वतःच्या सवडीनं. मधल्या काळात थंडीमुळे कुजवणारे जीवाणू जवळजवळ निष्क्रिय असतात, म्हणून देह राहतो आणि कागदही राहतो.

उत्तराखंडचे लान्स नायक चंद्रशेखर हरबोला मे १९८४ मध्ये, सियाचिन ताब्यात घेण्याच्या ऑपरेशन मेघदूतच्या वेळी, हिमस्खलनात गाडले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते सापडले. अडतीस वर्षांनी त्यांची ओळख पटवली ती धातूच्या बिल्ल्यावर कोरलेल्या सैनिक क्रमांकानं. घरच्यांना त्यांचे अंत्यसंस्कार करता आले.

पण बर्फासारखी राखण माती करत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैनिकाकडे ओळखीचा एकच बिल्ला असे. सैनिक पडला की नोंदीसाठी बिल्ला काढून नेत. पुढे तोफगोळ्यांनी कबरीची खूण पुसली गेली की त्या देहाला नाव उरत नसे. १९१६ मध्ये दोन बिल्ले आले. लाल, गोल बिल्ला नोंदीसाठी काढायचा आणि हिरवा, अष्टकोनी देहासोबत ठेवायचा. मात्र ते दाबलेल्या तंतूंचे होते, ओल्या मातीत कुजून गेले. अशा वेळी नाव शोधायचं ते हाडांतच.

इटलीत पोज्जो आल्तो इथे १९९६ मध्ये दोन सैनिकांची हाडं सापडली. ती युरोपीय माणसांची नाहीत, हे जनुकीय तपासणीतून कळलं. मग लढाईच्या नोंदींशी मेळ घालत नावं निघाली. फ्रंटियर फोर्स रायफल्सचे पालूराम आणि हरी सिंग, दोघेही आजच्या हरियाणातले, सप्टेंबर १९४४ मध्ये तिथे लढताना पडले होते. २०१९ मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी, त्यांच्या अस्थी मायदेशी आल्या.

जुन्या हाडातून डीएनए मिळवायचा, तर शोधावं लागतं शरीरातलं सर्वांत घट्ट हाड. ते असतं कवटीत, अंतर्कर्णाभोवती. पेशीच्या केंद्रकातला डीएनए दोनच प्रतींत असतो, तो लवकर तुटतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांत मात्र स्वतंत्र डीएनएच्या शेकडो, हजारो प्रती असतात. म्हणून काही शिल्लक राहण्याची शक्यता तिथे जास्त. हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे जवानाचा सख्खा मुलगा इथे उपयोगाचा नाही, भाचा किंवा भाची उपयोगाची. बहिणीच्या लेकीची लेकरंसुद्धा चालतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यासाठी मुलगा किंवा पुतण्या हवा. दोन्ही धागे एकाच देहाशी जुळले आणि वय, उंची, लढाईच्या नोंदीही पटल्या, की नावाला आधार मिळतो.

पण कुणाच्या नातेवाइकांना बोलवायचं, हेच माहीत नसेल तर? तेव्हा दात बोलतात. दाताचं कवच एकदा बालपणी तयार झालं की पुन्हा घडत नाही. त्या वयात प्यायलेल्या पाण्यातून आणि अन्नातून आलेलं स्ट्रॉन्शियम त्यात कायमचं बसतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड रूपांचं, प्रमाण वेगळं आणि हिमालयातल्या प्राचीन खडकांतलं वेगळं. समुद्राचं तिसरंच.

खडकासारखाच अन्नाचाही ठसा दातांत राहतो. मी राहतो त्या शीव कोळीवाड्यात दोन मुलं कल्पा. एक इथल्याच कोळ्याचं, भात, बोंबील, मांदेलीवर वाढलेलं. दुसरं साताऱ्याकडे ज्वारीच्या भाकरीवर वाढून पुढे मुंबईत आलेलं. ज्वारी-बाजरीची प्रकाशसंश्लेषणाची रीत भातापेक्षा वेगळी, त्यामुळे त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण थोडं जास्त असतं. मासे खाल्ले तरी कार्बन जड होतो, पण तिथे नायट्रोजनही जड होतो, कारण मोठा मासा लहान माशाला खातो तसतसा जड नायट्रोजन पायरीपायरीनं वाढत जातो. दोघं एकाच पलटणीत भरती झाले, एकाच खंदकात पडले, तरी कोणाच्या घरी भाकरी थापली जात होती आणि कोणाच्या घरी कालवण शिजत होतं, हे प्रयोगशाळेला दातांतून ताडता येईल. नाव यातून कळणार नाही, पण कुठल्या मुलखात विचारायचं ते कळेल. मला याहून थक्क करणारं फारसं काही ठाऊक नाही: आईनं भरवलेला घास मरणानंतरही पत्ता सांगतो.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या त्यांच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्यानं शत्रूच्या मशीनगनवर झडप घातली आणि ती जागा जिंकली. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये तिथल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघडीचं स्मारक उभं राहिलं. पण त्यांची कबर नाही. त्यांचं नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर, ज्यांची अखेरची जागा ठाऊक नाही अशा हजारोंमध्ये कोरलेलं आहे.

उद्या त्या खोऱ्यात नांगराला एखादं हाड लागलं, तर काय विचारायचं हे आज आपल्याला माहीत आहे: हा मुलगा काळ्या पाषाणातलं पाणी प्यायला होता का, भातावर वाढला होता का, याच्या आईचा धागा आज कोणाच्या अंगात आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडे नसतं, घरांकडे असतं. ज्या घरातला जवान परतला नाही, त्या घरानं त्याचा सैनिक क्रमांक, पलटण, बहिणींची सासरची गावं आणि भाचरांची नावं एका कागदावर लिहून पुढच्या पिढीच्या हाती द्यावीत. विज्ञान दारापर्यंत येऊ शकतं, दार उघडायला आपलं माणूस हवं.