फोटोंची कणगी

दोस्तांनो, एक साधा प्रश्न. तुमच्या घरातले फोटो राहतात कुठे?

"आईच्या मोबाइलमध्ये!" असं तुम्ही पटकन सांगाल. बरं, पण तिसरीतल्या स्नेहसंमेलनाचे? ते जुन्या मोबाइलमध्ये, आणि तो कपाटाच्या खणात पडलाय, चार्जच होत नाही. ताईच्या बारशाचे? त्यांची एक सीडी होती, पण सीडी लावायला आता घरात यंत्रच नाही. बाकीचे "नेटवर" आहेत म्हणे. गूगल फोटोजवर पूर्वी हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ती सोय बंद झाली. तेव्हापासून पंधरा जीबीच्या पुढे गेलं की दरमहा पैसे भरायचे, नाहीतर फोटो काढून टाकायचे.

शेतकऱ्याच्या घरी धान्याची कणगी असते ना, तशी फोटोंची कणगी घरातच ठेवली तर? म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. त्याला पडदा नको, कीबोर्ड नको. कोपऱ्यात बसून घरच्या वायफायवरून सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, बाबांची कागदपत्रं सांभाळायची, एवढंच त्याचं काम. असे तयार डबे विकतही मिळतात, पण सुटे भाग निवडून घरी जोडण्यात गंमत जास्त आणि शिकायला भरपूर. आईबाबांनो, हे तुम्हीही वाचा, कारण पाकीट तुमचं आहे.

आपण समजू की हे घर रामटेकचं आहे. रामटेकच का? तिथल्या डोंगरावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर वाकाटकांच्या काळातला, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. दगडावर कोरलेला, म्हणजे किती पक्का! तरीही त्यातली बरीच अक्षरं झिजून गेली आहेत. त्याची दुसरी प्रत कुणी कुठे ठेवलेली नाही, त्यामुळे गेलेले शब्द गेलेच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसरं कारण ऊन. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि रामटेक तिथून जेमतेम पन्नास किलोमीटर. थंड देशातल्या लोकांनी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आता सुरुवात डिस्कपासून, कारण बाकीचं सगळं तिच्यासाठीच आहे.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, सगळ्या यंत्राचं वजन टनाच्या घरात, आणि मावायचं किती? चार एमबीसुद्धा नाही! आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो त्यात जेमतेम बसला असता. आता तळहाताएवढ्या डिस्कमध्ये चार टीबी मावतात. चार एमबीचा एक फोटो धरला तर दहा लाख फोटो. (विंडोज मात्र चार टीबीच्या डिस्कवर ३.६३ असा आकडा दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नाही, बरं का. डिस्कवाले हजाराने गुणतात, विंडोज १०२४ ने. कॅल्क्युलेटर घ्या आणि ४ ला १.०२४ ने चार वेळा भागून पाहा.)

या डिस्कच्या आत तबकडी गरगर फिरत असते. ५४०० फेऱ्यांची डिस्क मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला नव्वद फेऱ्या घेते. तिच्यावरून वाचणारं डोकं फक्त काही नॅनोमीटर उंचीवरून सरकतं. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून अंदाज करा, की चालू डिस्कला धक्का लागला तर काय होत असेल!

७२०० फेऱ्यांची डिस्क जास्त वेगवान, पण जास्त गरम आणि जास्त आवाजी. आपल्याला फोटो पाहायचेत, शर्यत लावायची नाही. घरातलं नेटवर्क बहुधा एक गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी. तेवढं तर ५४०० वालीही बहुतेक वेळा देते. म्हणून ५४०० चीच घ्या.

एक गोष्ट मात्र दुकानात ठणकावून विचारा: "सीएमआर आहे की एसएमआर?" हे काय प्रकरण? विदर्भातल्या जुन्या घरांवर कवेलू असतात. एका कवेलूची कड दुसऱ्याच्या कडेवर चढलेली. एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या रेघा अशाच एकीवर एक चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधला एक कवेलू बदलायचा तर त्याच्यावर चढलेले शेजारचे कवेलूही उचलावे लागतात ना? तसंच इथे. एक रेघ बदलायला शेजारच्या रेघांचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो, आणि डिस्क रडतरखडत चालते. सीएमआरमध्ये रेघा सुट्या असतात. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' नावाच्या, खास अशाच साठवणीच्या कॉम्प्युटरसाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कपैकी काही एसएमआर निघाल्या आणि कंपनीने तसं आधी सांगितलेलं नव्हतं. नंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. तेव्हा डब्यावरचं नाव पूर्ण वाचायचं. 'रेड' आणि 'रेड प्लस' एक नव्हे.

तुम्ही म्हणाल, मग फिरणारी तबकडीच नसलेली एसएसडी का नको? आवाज शून्य, धक्क्याची भीती नाही. खरं आहे. पण तेवढ्याच जागेला तिची किंमत कितीतरी पट पडते. शिवाय एसएसडी विजेविना महिनोन्महिने कपाटात पडून राहिली, त्यातून खोली तापलेली असली, तर तिच्यातली माहिती हळूहळू विरू शकते. म्हणून छोटीशी एसएसडी फक्त कॉम्प्युटरचा कारभार चालवणाऱ्या प्रणालीसाठी घ्या. ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनास यांपैकी कुठलीही घ्या, दोन्ही फुकट मिळतात. फोटो मात्र फिरत्या डिस्कवर.

प्रोसेसरबद्दल फार डोकं शिणवू नका. खेळ खेळणाऱ्या दादाचं ऐकलंत तर तो भलामोठा सुचवेल. आपल्या कामाला इंटेलचा २०२३ मध्ये आलेला एन१०० पुरतो. तो मदरबोर्डवर बसवलेलाच येतो आणि बोर्ड १७ सेंटीमीटर चौरस, जेवणाच्या ताटापेक्षा लहान. बोर्ड घेताना सॅटाच्या जागा मोजा. किमान दोन हव्यात, चार असल्या तर उत्तम. मेमरी आठ जीबी पुरे.

मेमरीवरून एक गोष्ट आठवली. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक गावी मतमोजणी चालू होती. एका उमेदवाराला अचानक ४०९६ मतं जास्त पडलेली दिसली, शक्यच नसलेली. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात! मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतला एखादा कण तिथे आदळला असावा, असा तर्क झाला. असे बिट ओळखून सुधारणारी ईसीसी नावाची मेमरी असते, पण स्वस्त छोट्या बोर्डांवर ती सहसा चालत नाही. घरच्या कामाला मी तिचा आग्रह धरणार नाही.

वीजपुरवठ्यात मात्र लोक फसतात. ७५० वॅटचा घेतात, दोघांच्या खिचडीला लग्नातलं पातेलं चढवल्यासारखा! असा पुरवठा कमी भारावर वीज वाया घालवतो. हिशेब करा. दोन डिस्कसह हा कॉम्प्युटर साधारण वीस वॅट खाईल. पण सुरू होताना तबकडीला गती द्यायला प्रत्येक डिस्क क्षणभर वीस-पंचवीस वॅट मागते. म्हणजे डिस्कचे पन्नास, बाकीचे वीस-तीस. शंभर-सव्वाशे वॅटचा चांगला पुरवठा पुरला. आणि बिल? वीस वॅट चोवीस तास म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट, महिन्याला साडेचौदा युनिट. तेच काम ऐंशी वॅट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपला दिलं तर महिन्याला सत्तावन्न! जुना लॅपटॉप घरात असेल तर मात्र आधी त्याच्यावर प्रयोग करायला हरकत नाही.

आता आवाज. घर छोटं आहे, रात्री त्याच खोलीत आजी झोपते. उन्हाळ्यात काही कळणार नाही, कारण कूलरच्या घरघरीपुढे सगळं माफ असतं. खरी परीक्षा डिसेंबरात. कूलर बंद, पंखा बंद, आणि कोपऱ्यातून भुंग्यासारखं 'हूंऽऽ' ऐकू येतं. सेकंदाला नव्वद फेऱ्या म्हणजे तेवढीच थरथर. ती थरथर पोकळ लोखंडी कपाटावर ठेवली की कपाटाचा ढोल होतो. म्हणून दोन उपाय. डिस्क डब्यात बसवताना स्क्रूखाली रबराचे वायसर घाला. आणि डबा कपाटावर न ठेवता कडाप्प्याच्या फळीवर ठेवा, खाली जुन्या पायपुसणीचा तुकडा. कडाप्पा जड, तो थरथरत नाही. फुकटातला उपाय आहे, पण महागड्या 'सायलेंट' डब्यांपेक्षा मला याचाच भरवसा जास्त वाटतो.

पंखा काढूनच टाकला तर? थंड देशांत तसं करतात. रामटेकला मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांची असते, आणि कोंदट डब्यातली डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी अधिक तापते. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा साठ-पासष्ट अंश. म्हणजे काठावरचा कारभार! पंखा हवाच, पण मोठा आणि मंद. १२० मिलिमीटरचा पंखा ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा तिप्पट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. म्हणून तो मिनिटाला सातआठशे फेऱ्यांवरही पुरेशी हवा देतो आणि ऐकूही येत नाही. छोट्या पंख्याला तेवढ्याच हवेसाठी हजारो फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि तो किंचाळतो. डबा घेताना पुढे १२० चा पंखा बसतो का, एवढं पाहाच, मग डबा दोन बोटं मोठा झाला तरी चालेल. हवा आत येते तिथे धूळ अडवणारी जाळी हवी आणि ती महिन्यातून एकदा धुवायची. हे काम तुमचं, आईचं नाही.

आणि कूलरच्या झोतात हा डबा कधीही ठेवायचा नाही. गार वाटतं खरं, पण ती हवा ओली असते, बोअरच्या पाण्यातले क्षारही घेऊन येते. कूलरच्या जाळीवर पांढरा थर साचतो ना, तो सर्किटवर नको. भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कॉम्प्युटर बंदच ठेवला तर? माझ्या मते उत्तम. घर वामकुक्षी घेतं, त्यानेही घ्यावी.

वळीव आला की वीज जाते, हे सांगायला नको. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. छोटा यूपीएस घ्या, पण यूएसबीची तार असलेला. त्या तारेतून तो कॉम्प्युटरला कळवतो की वीज गेली आहे, बेताने बंद हो. घरात इन्व्हर्टर असला तरी हे कळवण्याचं काम तो सहसा करत नाही. आणि इलेक्ट्रिशियनकाकांकडून अर्थिंग तपासून घ्या. हात लावला की झिणझिण्या येणाऱ्या डब्यात फोटो ठेवायचे नसतात.

राहिलं सगळ्यात महत्त्वाचं. दोन डिस्क घेऊन एकीचं प्रतिबिंब दुसरीवर ठेवता येतं. एक मेली तर दुसरी तयार. पुष्कळ लोक इथेच निश्चिंत होतात. पण धाकट्या भावाने चुकून 'दिवाळी' हा फोल्डर पुसला तर? प्रतिबिंबच ते, तिथूनही त्याच क्षणी पुसलं जाईल! चोराने डबा उचलला किंवा वीज कोसळली तर दोन्ही डिस्क बरोबरच जातील. तो शिलालेख आठवतोय ना? भिंत कितीही भक्कम असली तरी प्रत एकच होती.

म्हणून तिसरी डिस्क घ्या. ती डब्यात बसवायची नाही. तिच्यावर सगळं उतरवायचं आणि ती मामाकडे ठेवायची. पैसे बेताचे असतील तर प्रतिबिंबाची दुसरी डिस्क राहू द्या, पण मामाकडची घ्याच. मे महिन्यात आजोळी जाताना टॉवेलात गुंडाळून नवी नक्कल न्यायची, जुनी परत आणायची. दिवाळीत पुन्हा. दर वेळी मामाच्या कॉम्प्युटरला ती जोडून पाचदहा फोटो उघडून पाहायचे. उघडत नसलेली नक्कल म्हणजे नुसतं ओझं. डिस्कवर कागद चिकटवून तारीख लिहा, आणि घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ती वही आईच्या दागिन्यांजवळ ठेवायला द्या.

भागांच्या किमती आठवड्यागणिक बदलतात, म्हणून इथे दिलेल्या नाहीत. कागदावर यादी करा: डिस्क सीएमआर आणि ५४०० ची, सॅटाच्या जागा किती, पंखा १२० चा, यूपीएसला यूएसबी. नागपूरला सीताबर्डीवर बाबांबरोबर जाल तेव्हा दोन-तीन दुकानांत तीच यादी दाखवा. जो दुकानदार "सीएमआर म्हणजे काय?" असं विचारेल, त्याला समजावून सांगा आणि पुढच्या दुकानात जा.